सुनंदाने ते औषध का घेतलं

बसा. मागे उभे आहात तेही पुढे या, सतरंजीवर जागा आहे. डेपोतली मंडळी ड्यूटी संपवून खाकीतच आली आहेत. पाथर्डीकडचे पाहुणे दुपारच्या गाडीने आले. केडगावचे शेजारी तर तेरा दिवस आमच्याच घरी आहेत. तुम्ही सगळे सुनंदासाठी आलात. मला दिसतंय.

मला भाषण जमत नाही. मी कॉलेजच्या लायब्ररीत काम करतो, तिथे बोलायची गरज पडत नाही. रोज थोडी डायरी लिहितो, पण बायको गेल्यापासून तीही लिहिलेली नाही. चार चांगल्या आठवणी सांगाव्यात आणि खाली बसावं, असं ठरवून आलो होतो. तसं होणार नाही. मला राग आलाय. शोकसभेत रागावू नये म्हणतात. मी सकाळपासून स्वतःला विचारतोय, हा खरंच राग आहे, की दुःखालाच मी राग म्हणतोय? दोन्ही असेल. पण राग आहे.

कशाचा? सांगतो.

सुनंदा कंडक्टरच्या ड्यूटीवर असतानाच, पाथर्डीच्या स्टँडवर गेली. गाडी लागली, प्रवासी उतरले. ती बाकावर बसली आणि ड्रायव्हरदादांना म्हणाली, जरा पाणी द्या. ते बाटली घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय बंद पडलं. आपल्याला माहीत आहे ते एवढंच. पण अमरधाममध्ये चिता पेटायच्या आधीच माझ्या पाठीमागून कुणीतरी बोललं, "त्या हार्मोनच्या मलमानं घात केला." लगेच दुसरं कुणी, "या वयात तरुण व्हायची हौस कशाला?"

हौस. मंडळी, हौस!

म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतो, सुनंदाने ते औषध का घेतलं.

सेहेचाळिसाव्या वर्षानंतर तिची पाळी जायला लागली. अंगातून वाफा निघायच्या. रात्री पाच-सहा वेळा उठून बसायची, आणि पहाटे पहिल्या गाडीवर तिकिटाचं मशीन गळ्यात घालून उभी. ऐन थंडीत करंजीच्या घाटात ही खिडकी उघडायची. एकदा एक म्हातारी ओरडली, "ओ बाई, लावा की ती खिडकी! आमी काय गारठून मरावं का?" सुनंदा म्हणाली, "मावशी, माझ्या अंगात भट्टी पेटलीय. या, शेकायला जवळ बसा." सगळी गाडी हसली. म्हातारी खरंच उठून तिच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मलाबी हुत हुतं असं. कुनाला सांगितलं न्हाई."

हे सांगताना सुनंदा हसत होती.

पुढे एका सकाळी घाटातल्याच वळणावर उभ्या उभ्या तिचा डोळा लागला. हातातला दांडा सुटला. मागच्या सीटवरच्या माणसाने दंड धरला म्हणून वाचली. त्या दिवशी घरी येऊन चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "अहो, आता डॉक्टरांकडे जाऊ या."

आता तिच्या हृदयाचं. तिचे वडील पन्नाशीतच हृदयविकाराने गेले. तिला स्वतःला पस्तिशीपासून बीपी. हे तिला माहीत नव्हतं? तुम्हाआम्हापेक्षा जास्त माहीत होतं. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी हार्मोनचं नाव काढलं तेव्हा पहिला प्रश्न तिनेच विचारला, "माझ्या हृदयाचं काय?" बाईंनी त्या दिवशी औषध लिहून दिलंच नाही. हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. टूडी एको झाला. पट्ट्यावर चालवून तपासलं. बीपीची गोळी बदलली, बीपी ताब्यात आलं की नाही ते पाहिलं. आधी बिनहार्मोनचं एक औषधही घेऊन झालं, त्याने दिवसभर मळमळायचं. एवढं सगळं झाल्यावर हृदयाचे डॉक्टर म्हणाले, "धोका शून्य नाही. तुमच्या बाबतीत कमी आहे. पोटात घ्यायच्या गोळीपेक्षा कातडीला लावायचं जेल बरं, आणि तपासणी चुकवायची नाही."

मी घाबरलो. म्हणालो, धोका आहे ना? मग नकोच.

तेव्हा ती डॉक्टरांकडे न बघता माझ्याकडे वळली. "झोप नसताना मी घाटात दारात उभी असते. तो धोका कोण मोजणार?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मग तिने आठवडाभर विचार केला. आणि ठरवलं. तिने ठरवलं, मी नाही. थोड्या दिवसांनी ती पहिल्यांदा रात्रभर सलग झोपली. इतकी शांत की सकाळी मला उठवावंसं वाटलं नाही. तर उठल्यावर माझ्यावरच खेकसली, "ड्यूटी चुकली माझी! तुमच्या लायब्ररीसारखं आहे का आमच्याकडे, कधीही जा?" असं खेकसणं मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होतो. मला इतकं बरं वाटलं!

तर ही तिची हौस.

ती गेल्यावर मी हृदयाच्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. सरळ विचारलं, औषधाने झालं का? ते म्हणाले, "मला तसं वाटत नाही. वडिलांकडून आलेलं होतं, बीपी जुनं होतं. पण छातीवर हात ठेवून नाही असं मी म्हणणार नाही." मला हे उत्तर आवडलं नाही. मला साधं "नाही" हवं होतं. पण जे मिळालं ते तुमच्यापुढे जसंच्या तसं ठेवतोय. मला माहीत नाही. आणि ज्यांना इतक्या खात्रीने माहीत आहे, त्यांनी तिचा कोणता एको पाहिला होता?

आत्या, तू समोर बसली आहेस. तू मला वाढवलंस. म्हणून तुझ्या पाठीमागे नाही, तोंडावर बोलतो. तू सुनंदाला म्हणाली होतीस, "आमी न्हाई का सोसलं? गरम हुतं म्हनून कुनी मलम लावतं व्हय? काळजाला लागंल तुझ्या." तिच्या काळजाची काळजी केलीस, चांगलं केलंस. पण मग घट बसायचे तेव्हा ही काळजी कुठे होती? गौरी यायच्या तेव्हा? नात्यातलं लग्न, वास्तुशांत, सत्यनारायण, प्रत्येक वेळी तिने पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यायची. कधी तू सांगायचीस, कधी आणखी कुणी, आणि मेडिकलमधून आणायला मी जायचो. दुकानदाराने कधी विचारलं नाही, बाईंना बीपी आहे का? आपणही विचारलं नाही. एको सोडा, बीपी मोजायचा साधा पट्टा दंडाला बांधला नाही कुणी.

ती गोळी म्हणजे काय होतं? हार्मोनच! डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "बीपीच्या बाईनं न विचारता घ्यायचीच नव्हती," म्हणाल्या.

सणासाठी घेतली, तेव्हा ती शहाणी सून. पाहुण्यांसाठी घेतली, तेव्हा समजूतदार. आणि तपासून, विचारून, स्वतःच्या झोपेसाठी घेतलं, तेव्हा हौस? हा कुठला हिशोब आहे?

आत्या, रडू नकोस. तुलाही कुणी विचारलं नव्हतं, हे मला कळतं. मी कॉलेजात होतो तेव्हा तू भर थंडीत ओट्यावर येऊन बसायचीस, पदराने वारा घ्यायचीस, आणि आम्ही पोरं तुझी चेष्टा करायचो. तू सोसलंस. पण तू सोसलंस म्हणून सुनंदानेही सोसायचं, आणि तिच्यामागे तिच्या पोरीनेही?

कारण हे आज, आत्ता चालू आहे. आमची मयुरी वीस वर्षांची आहे. पुढचं सांगतोय ते तिला विचारून. ती म्हणाली, "सांगा पप्पा, त्यात लपवायचं काय?" दशक्रियेच्या आधी आत्याने तिच्या हातात त्याच गोळ्या ठेवल्या. "आईचं कार्य हाय बाळा, चार दिस लांबव." पोरीने मला आणून दाखवल्या. मी विचारलं, तुला घ्यायच्या आहेत का? ती म्हणाली, "मम्मीनं मलम लावलं तर वाईट, आणि मी गोळी गिळली तर चांगली? मी नाही घेणार."

आज सकाळी तिला पाळी आली. तेराव्याची पूजा झाली तेव्हा ती मागच्या खोलीत बसून होती. स्वतःच्या आईच्या फोटोला तिला हात लावू दिला नाही. मी दोनदा उठलो, दोनदा मला खांदा दाबून खाली बसवलं. "विधी होऊ दे, मग बघू." झाला विधी. आता बघू.

मायबहिणींनो, हे औषध सगळ्यांनी घ्या असं मी सांगत नाही. मी डॉक्टर नाही. एखादीने घेऊ नये असंच तिचे डॉक्टर सांगतील, तर तिने घेऊ नये. पण तुम्ही विचारा. तपासून घ्या. तुमच्या शरीराचा निर्णय घरातल्या बैठकीने नाही, तुम्ही घ्या. आणि तो घेतलेल्या बाईला, ती मेल्यावर, उत्तर देता येत नाही तेव्हा, आरोपी करू नका.

मयुरी, पुढे ये. मम्मीला पहिलं फूल तू वाहायचंस. कुणी अडवणार नाही, मी उभा आहे इथे. आत्या, तुला बघवत नसेल तर डोळे मीट. बघवत असेल तर ऊठ आणि तिच्या शेजारी उभी राहा. तिला धरायला बाई माणूस हवंय.

बाकीच्यांनी जागेवरच उभं राहायचं. दोन मिनिटं. मनात काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. तेरा दिवस आपण सुनंदाबद्दल फार बोललो. आता कुणी बोलू नका.