कार्बुरेटरचा स्क्रू

मी दचकते म्हणून तुम्ही सगळ्या हसता ना, हसा. पण माझ्या दचकण्यावर एकदा एका माणसाचं काम टिकलंय, तेवढं ऐका.

आमची जुनी मोटार कर्नाळ्याच्या चढावर फटफट करून बंद पडायची. पनवेलचे म्हातारे मिस्त्री इस्माईलचाचा तिसऱ्यांदा आले, तेव्हा बाबांनी मला बजावलं, "आज जमलं नाही, तर यापुढे गाडी मुंबईच्या मिस्त्रीकडे." आणि ते ओट्यावर जाऊन बसले.

चाचा म्हणाले, "बेटी, जरा समोर उभी राहा."

हँडल मारून त्यांनी इंजिन चालू केलं आणि कार्बुरेटरचा स्क्रू फिरवायला घेतला. पेट्रोल कमी पडलं की इंजिन फाटकन आवाज करी, आणि मी दचके. चाचांची नजर मात्र इंजिनावर नव्हतीच, माझ्या तोंडावर होती. मला कसंतरीच झालं.

"चाचा, असं काय बघता?"

उत्तर नाही. मी ओरडून विचारलं, तरी नाही. तेव्हा कळलं, त्यांना ऐकूच येत नव्हतं.

मी तशीच उभी राहिले. हळूहळू इंजिन एकसारखं चालायला लागलं, माझं दचकणं थांबलं, आणि चाचांनी स्क्रूवरचा हात काढला.

ओट्यावरून बाबा म्हणाले, "वा, चाचा! कान असावा तर असा!"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसून मान हलवली. मग ते बाबांकडे वळून म्हणाले, "मेहरबानी, साहेब."

बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. चाचा आले की न बोलावता बॉनेटसमोर जाऊन उभी राहते.