पाठीला बांधलेला पायलट

पेट्रोल पंपावर हवा भरायच्या रांगेत माझ्या पुढच्या गाडीतले नवरा-बायको बाहेर उभे होते.

“चारही चाकांत हवा झाली. निघू या आता. मोठ्या भाऊजींकडे सगळं घर जमलं असेल.”

“स्टेपनी पण बघून घेतो.”

“अहो, टाळू नका. तुम्हीच म्हणालात, तू पॅराग्लायडिंग केलंस तर मी दादाशी अबोला सोडतो.”

“तुला स्टुलावर चढलं तरी गरगरतं. मला काय माहीत तू खरंच उडशील.”

“उडाले ना सकाळी?”

“उडालीस बाई. खाली उभ्या उभ्या माझेच हातपाय गार पडले. जमलं कसं तुला?”

“पायलट म्हणाला, उतारावर धावताना मध्येच बसायचं नाही. पाय हवेत गेले तरी धावत राहायचं.”

“भीती नाही वाटली?”

“वाटली की. पण तो पाठीला बांधलेला होता ना.”

“दादानं दारातूनच परत पाठवलं तर?”

“तर परत येऊ. तुम्ही मध्येच बसू नका म्हणजे झालं.”

“बरं. बेल मी वाजवतो. तू फक्त माझ्या मागे उभी राहा.”

“पाठीला चिकटून?”

“हो. पट्टा घट्ट बांधून.”