घोड्याचे मागचे पाय

मिरवणूक संपली होती. जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे कापडी घोडा दोन भागांत उभा होता: शिंप्याच्या काखेत तोंड, पोस्टमनच्या कमरेला अजून शेपटी.

"अकरा वर्षं झाली, शिंप्या. लोक मिरवणूक बघतात, मी तुझी पाठ बघतो."

"घोडा मी शिवलाय. तोंड माझ्या मापाचं आहे."

"माप घेतलं कोणी? तूच ना! आज पहिल्यांदा नात आली होती बघायला. एक दिवस मला पुढे घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"तुझा तो डावा गुडघा पुढे आला की अख्खी मिरवणूक लंगडेल."

"निदान तिच्याकडे बघून मान तरी हलवली असती. मागून काय हलवू, शेपटी?"

"हलवायचीस की!"

"हलवली. तिकडे कोण बघतंय?"

"बरं बाबा, रडू नकोस. पुढच्या वर्षी तू पुढे. तोंड उसवून तुझ्या मापाचं करतो."

"नक्की?"

"नक्की."

तेवढ्यात एक मुलगी रांगेतून वाट काढत आली.

"आजोबा! मी तुम्हाला लगेच ओळखलं!"

"कसं गं, बाळा?"

"घोडा मागून लंगडत होता ना! मी सगळ्यांना ओरडून सांगितलं, ते माझे आजोबा!"

"…शिंप्या."

"काय रे?"

"उसवू नकोस."