दोन घरांत एकच चाळण

काय सांगू राव, माझं काम आईला एकदाच कळलं! कळंबला घरनंच काम चालू व्हतं. तिनं इचारलं, "दिवसभर करतो काय रं?"

म्हटलं, "नेटवरनं येणारा डेटा चाळतो. चार प्रोग्राम चार चाळण्या घेऊन बसल्यात, मेमरी पुरत नाय. आता चौघांत एकच चाळण ठेवतोय."

"भांडत न्हाईत?"

"न्हाई. शेवटच्याचं काम संपेस्तोवर चाळण कुणी हलवायची न्हाई."

आई पीठ चाळाय उठली. घराच्या वाटणीपासनं शेजारच्या काकूशी तिचं बोलणं बंद व्हतं.

सकाळी बघतो तर आई काकूच्या दारात, हातात आमची चाळण. म्हणती, "तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. भाकरीचं पीठ रोजच चाळायचं असतं, मी येत जाईन."