खोबरेल आणि थ्रॉटल

खडकवासल्याहून स्वारगेटला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या मांडीवर बोटीच्या मोटरचा वेग कमी-जास्त करायची लांबलचक केबल होती.

“अहो, बिघाड केबलमध्येच आहे कशावरून?”

“इंजिनापासून सोडवून पाहिली ना. तिकडचा थ्रॉटल बोटानं हलतो. केबल मात्र दोन्ही हातांनी ओढली तरी हलत नाही.”

“तेल घातलं होतं?”

“दिवाळीत घातलं की. भरपूर.”

“कुठलं?”

“घरातलं. खोबरेल.”

“थंडीत माझी खोबरेलाची बाटली गोठते, ती उन्हात कोण ठेवतं?”

“मीच.”

“तरीसुद्धा?”

“आज सकाळी लक्षात आलं. जोर लावून वेगाचा दांडा पुढे ढकलला, तो मागे येईचना. धरणाच्या मधोमध गोल गोल फिरत राहिलो.”

“रोहनच्या बाबांना बोटीत घेऊन? आपल्या चैतालीशी त्याच्या लग्नाला ते आधीच नाही म्हणतायत!”

“आता हो म्हणालेत.”

“काय सांगता! कधी?”

“तिसऱ्या फेरीला. म्हणाले, मुलगी पसंत, पत्रिका बघायची नाही, फक्त मला काठावर सोडा.”

“मग थांबलात कसे?”

“इंजिन बंद करायची दोरी असते, ती ओढली.”

“ती आधी नाही ओढता आली?”

“ते बोलत होते. मध्येच कसं तोडायचं?”

बाईंनी केबल उचलून आपल्या मांडीवर घेतली.

“अहो, धायरी फाट्याला उतरून परत जाऊ या. केबल इतक्यात दुरुस्त नको. मानपानाचं बोलायला त्यांना रविवारी बोटीवरच बोलावू या.”