सोलरच्या गाडीले लाईट कायले?

सोलरच्या गाडीसाठी लाईट मागितली म्हणून चोरासारखा पाह्यला गेलेला माणूस पाह्यला काय तुम्ही? तो मी.

राळेगावकडच्या एका खेड्यात जनावरांच्या लसी घेऊन गेलतो. गाडीत फ्रीज, टपावर पॅनल. पण सकाळपासून आभाळ होतं, बॅटऱ्या उतरत चालल्या होत्या, आन् लसी गरम झाल्या असत्या तर साऱ्या फेकाव्या लागल्या असत्या. म्हणून रस्त्यावरच्या घरी एका मावशीले म्हणलं, "जराशी वायर लावू द्या. पॅनल आन् तुमची लाईट मिळून बॅटऱ्या भरतीन."

मावशी गाडीभोवती फिरली. "वरून ऊन घेता, खालून माह्यी लाईट घेता. येवढं खाते तरी काय तुमची गाडी?"

फ्रीज उघडून लसी दाखवल्या, तेव्हा कुठं वायर लावू देली. पण स्वतः बटनापाशी खुर्ची टाकून बसली.

थोड्या वेळानं गावची लाईट गेली. आत मावशीचा सासरा वाफेचं मशीन लावून बसला होता. दम्याचा माणूस, मशीन बंद पडताच धापा टाकायले लागला. मी गाडीच्या इन्व्हर्टरवरून वायर आत ओढली, मशीन सुरू केलं. हळूहळू बुढ्याचा श्वास जागेवर आला.

मावशीनं पदरानं डोळे पुसले, वायरीकडं पाह्यलं आन् मले विचारलं, "म्हणजे माह्यीच लाईट मले देऊन राह्यले न तुम्ही?"

बुढ्यानं तोंडावरचा मास्क जरासा उचलला. "कोणाची बी असू दे सूनबाई, तू हात नको लावू."