काटा बंद, बोलणं बंद

– नाही नाही साहेब, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय गेलाय, ह्या डब्यावर बसा – औषधाचा होता, पण धुतलाय. तर काय सांगत होतो – इंजिन. इंजिन आपणहून बंद पडलं, माझा त्यात काडीचा संबंध नाही, हे आधी लिहून घ्या. वीस वर्षं मी पिकांवर औषध फवारतोय, चाकं शेंड्यांना लागतील इतक्या खालून – आणि लोकांना वाटतं, विमान म्हणजे मजा. वर ढगात इंजिन बंद पडलं तर माणसाला निदान देवाचं नाव घेता येतं. माझ्याकडे वेळ किती? एक शिंक येऊन जाईल एवढा. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं आणि गप्प. समोर पंखा थांबलेला, मी बघतोय त्याच्याकडे. मग काय केलं? शिकवलंय तेच – दांडा ओढून औषधाची टाकी रिकामी केली, वजन उतरायला पाहिजे ना. आता खाली शेजाऱ्याचे टोमॅटो होते त्याला मी काय करू? वर्षभराचं औषध त्यांना एका दमात मिळालं. पुढे मका दिसला, दाट – घातलं त्यात. एक पंख वाकला, माझं हे कोपर सोलवटलं, संपलं. ह्यात लायसन काढून घेण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. ते गेलं तर मी जमिनीवर करू काय? मला सायकलसुद्धा धड चालवता येत नाही.

पेट्रोल? होतं की. म्हणजे – असणारच. काटा काय दाखवत होता? काटा... दोन वर्षं झाली साहेब, तो अर्ध्यावरच आहे. टाकी भरा, रिकामी करा, हा अर्ध्यावर. हे नका लिहू, आपल्यातच राहू दे. आमची पद्धत वेगळी. आमच्या हिनं रोज सकाळी पेट्रोल भरायचं, टाकीत काठी घालायची आणि ओरडून सांगायचं, ‘बारा बोटं’. बारा बोटं म्हणजे दुपारपर्यंत चिंता नाही. एकदाही चुकली नाही ती.

त्या दिवशी किती बोटं? ते असं झालं – आमचा अबोला होता. तिसरा दिवस. ती म्हणाली काटा दुरुस्त करा, मी म्हटलं काठी आहे ना, ती म्हणाली काठी काय वर तुमच्या शेजारी बसते का, मी म्हटलं तू बसतेस माझ्या डोक्यावर तेवढं पुरे – झालं, बोलणं बंद. त्या सकाळी ती काठी धरून चाकाजवळ उभी. सांगेना. मी विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण मग आधी मीच बोललो असं झालं नसतं का? तीन दिवस जिंकत होतो मी. इंजिन सुरू केल्यावर दोन्ही हात हलवायला लागली, ते दिसलं मला – पण मी मान फिरवली. आदल्या दिवशी पेट्रोलची गाडीच आली नव्हती, हे मागाहून कळलं. पडलो तेव्हा मक्यातून अनवाणी धावत आली, मला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, हाडं शाबूत आहेत बघितलं आणि एक शब्द न बोलता परत गेली. आज अबोल्याचा नववा दिवस. घाबरलो होतो साहेब, खरं सांगतो. पंखा थांबला तेव्हा तिचाच चेहरा आला डोळ्यांसमोर – पण हे तिला सांगायचं म्हणजे बोलणं आलं.

हा कागद कसला? तक्रार? तो टोमॅटोवाला असणार, दुसरं कोण. द्या इकडे, काय काय खरडलंय बघू – ‘काटा चालत नाही. सांगून ऐकत नाहीत. काही होण्याआधी कोणीतरी येऊन थांबवा त्यांना.’ – साहेब, हे टोमॅटोवाल्याचं अक्षर नाही. आणि तारीख... ही तर मी पडायच्या आधीची आहे. आमचं वाजलं त्याच दिवसाची.

मग इतके दिवस कुठे होतात तुम्ही?

नाही, राहू द्या. लिहा – काटा बंद होता, दोन वर्षं, आणि मला माहीत होतं. सही कुठे करू? हं. लायसन त्या खुंटीवरच्या कोटात आहे, जाताना घेऊन जा. नाही, आता बसू नका. ती मागे नळावर आहे, मला जायचंय. आधी मीच बोलतो.